इसाकचाचाचा डावा खिसा

परवा आमच्याकडच्या घोडेवाल्या पोरांनी माझा सत्कार केला. शाल दिली, नारळ दिला. माईकवरचा पोरगा म्हणाला, "अरबस्तानात जाऊन गोऱ्या लोकांचे घोडे तयार करणारे आपले बबनराव!" टाळ्या पडल्या. मग दोन शब्द बोला म्हणून माईक माझ्या हातात दिला. मी म्हणालो गुडघा दुखतोय, आणि खाली बसलो.

गुडघा दुखत नव्हता. आजही मी माथेरानचा चढ एका दमात चढतो, कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने बरोबर यावं.

घरी येऊन शाल खुंटीला टांगली आणि नातवाची एक कोरी वही मागून घेतली. मी चौथी शिकलो. लिहायची सवय नाही, अक्षर खेचराच्या चालीचं आहे. सून म्हणाली, "तुम्ही सांगा बाबा, मी लिहिते." मी नाही म्हटलं. हे दुसऱ्याच्या हाताने लिहून घेण्यासारखं नाही. ती शाल ज्या माणसाच्या अंगावर पडायला हवी होती त्याचं हे आहे. इसाकचाचाचं.

तेलाच्या तेजीचे दिवस होते. आमच्याकडचे गवंडी, फिटर, वेल्डर विमान भरभरून सौदीला जात होते. मला यातलं काही येत नव्हतं. मला घोडा येत होता. एजंट म्हणाला, घोड्याचंही काम आहे. मला तो चेष्टा करतोय असं वाटलं. पण खरंच होतं. दम्मामपासून तासाभरावर एका तेल कंपनीच्या गोऱ्यांची वसाहत होती. कुंपणाबाहेर वाळू, कुंपणाच्या आत हिरवळ. त्या लोकांना घोड्यांचा फार नाद. वसाहतीच्या टोकाला त्यांनी तबेले बांधले होते, त्याला हॉबी फार्म म्हणत. तिथे आम्ही नऊ मोतद्दार होतो. कफील एक सौदी ठेकेदार, तो आम्ही कधी पाहिला नाही. आमचा इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, पासपोर्ट, रजा, सगळं फोरमनच्या हातात. हा फोरमन म्हणजे अबू सालेम. जाडा माणूस, सतत घाईत, आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलायचा.

आणि त्या नऊ जणांत सगळ्यात जुना इसाकचाचा. रायगडातला, मुरूडच्या पलीकडे खाडीकाठी त्याचं गाव. बाप टांगा चालवायचा. हा अकरा वर्षं तिथे होता. उंचीने एवढासा, पाय कमानीसारखे वाकलेले, दाढी पांढरी पण भुवया काळ्याभोर. अंगात कायम एकच तऱ्हेचा लांब सदरा. त्याच्या बायकोने गादीच्या पांढऱ्या कापडाचा खिसा आतून शिवलेला, डाव्या बाजूला, कोपरापर्यंत हात जाईल एवढा खोल. त्या खिशात गूळ असायचा.

मी पोचलो त्याच दिवशी मला माझी ऐट दाखवायची होती. मी सव्वीस वर्षांचा. एक पांढरा घोडा बाहेर उभा होता, मी खोगिराशिवाय उडी मारून बसलो आणि मैदानाला तीन फेऱ्या मारल्या, चौखूर. उतरलो तर सगळे बघत होते. इसाकचाचा पुढे आला. मला वाटलं पाठ थोपटेल. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. घोड्याच्या पाठीवर दोन्ही अंगठे टेकवले आणि मानेपासून कमरेपर्यंत दाबत गेला, हळूहळू, पोळी लाटल्यासारखा. एका ठिकाणी घोड्याने कातडी थरथरवली. तिथे तो थांबला. मग म्हणाला,

"माथेरानात घोड्याला पाठ नसते काय रे?"

सगळे हसले. ते हसणं मी विसरलो नाही. माझ्यात हा दोष आहे. माझा झालेला अपमान मी जपून ठेवतो.

चाचाच्या सवयी सांगायच्या तर सकाळपासून सांगाव्या लागतील. पहाटेची नमाज झाली की तो प्रत्येक घोड्याची लीद हातात घेऊन फोडून बघायचा. ओली किती, दाणा पचलाय का, वास कसा. मग हात वाळूने घासायचा, साबणाने तीनदा धुवायचा आणि आम्हा सगळ्यांसाठी चहा करायचा. नवीन आलेला माणूस पहिले आठ दिवस तो चहा घ्यायचा नाही. नंतर घ्यायचा, कारण तसा चहा दुसऱ्या कोणाला जमत नसे. एका केरळच्या माणसाने विचारलं, "चाचा, डॉक्टर है क्या?" चाचा म्हणाला, "डॉक्टर बाद में आता है. मैं पहले आता हूँ."

खूर उचलण्याआधी प्रत्येक पायाला वेगळं बिस्मिल्ला म्हणायचा. चार पायांना चार वेळा. मी म्हटलं, "चाचा, एकदा म्हटलं तर चालत नाही का?" तो म्हणाला, "लाथ चारी पायांनी बसते."

इंग्रजी त्याला येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती. गोऱ्या मॅडम लोकांशी तो सरळ मराठीत बोलायचा. त्या इंग्रजीत बोलायच्या. "आयझॅक, कॅन आय राइड टुडे?" "आज नाय मॅडम. तिचे पाय गरम हायत. परवा या." "ओके, आयझॅक." आणि त्या खरंच परवा यायच्या. हे कसं व्हायचं मला माहीत नाही. मी मोडकं इंग्रजी बोलायचो तर त्या मला दोनदा विचारायच्या.

पण चाचाचं खरं म्हणजे त्याचे तीन शब्द. "घाम सुकू दे." घोडा कामावरून आला की त्याला गूळ नाही, पाणी नाही, लाड नाही. आधी चालवायचा, घाम सुकवायचा. मग दारात आणून, खोगीर उतरवून, त्या डाव्या खिशातून सुपारीएवढा गुळाचा खडा. दिवसातून एकदाच, आणि दारातच. कामाच्या मध्ये कधीही नाही. हे घोड्याचं झालं. पण तो सगळ्यालाच ते म्हणायचा. घरून पत्र आलं की लगेच फोडायचा नाही. उशाशी ठेवायचा. "घाम सुकू दे." दोघं भांडले आणि न्याय मागायला आले, "घाम सुकू दे, उद्या या." उद्यापर्यंत ते भांडण विसरलेले असायचे. मला हे ऐकून वैताग यायचा.

ती घोडी आली तेव्हा तीन वर्षांची होती. वसाहतीतल्या लिंडा मॅडमने वाळवंटातल्या एका बदूकडून घेतलेली. तांबूस रंग, कपाळावर चांदणी, कान सारखे इकडून तिकडे. मॅडमने तिचं काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं होतं, आम्ही तिला बानू म्हणायचो. चाचाने ठेवलेलं.

या गोऱ्या लोकांचे दर महिन्याला खेळ असायचे, थंडीच्या मोसमात. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी. शर्यत नव्हे, खेळ. घड्याळ लावून एकेकाने घोडा पळवायचा. त्यात पिंपांचा खेळ मोठा. तेलाची तीन रिकामी पिंपं त्रिकोणात ठेवायची. पहिल्याला उजवीकडून वळसा, पुढच्या दोघांना डावीकडून, आणि मग सरळ दाराकडे सुसाट. पिंपाच्या जितकं जवळून वळाल तितका वेळ वाचतो, पण पिंप पडता कामा नये. लिंडा मॅडमला बानूला या खेळात उतरवायचं होतं. पहिला शो सहा महिन्यांवर होता. काम चाचाकडे दिलं.

आता दुसरा कोणी असता तर खोगीर चढवून घोडी पिंपाभोवती पळवली असती. मी तेच केलं असतं. चाचाने काय केलं? तीन पिंपं तिच्या तबेल्यासमोरच्या अंगणात लोळवत आणली आणि नुसती ठेवली. तिथे पिंप उन्हात तापलं की पत्रा फुगून आपोआप ढम्म वाजतो, आणि संध्याकाळी गार होताना परत वाजतो. त्या आवाजाला बानू पहिल्या दिवशी भिंतीवर चढायला निघाली. चाचा एका पिंपावर जाऊन बसला. तासभर. पिंप वाजलं की हा आपला बुडाखालच्या पत्र्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "गप रे." पिंपाला. घोडीला काही बोललाच नाही. आठ दिवसांनी ती त्या पिंपांना पाठ घासायला लागली.

मग चालणं. रोज पहाटे नमाजीनंतर, सैल दोरी हातात, पुढे चाचा आणि मागे बानू. त्या तीन पिंपांभोवती. चालतच. एक महिना झाला, दोन झाले. वाळूत त्याच्या चपलांची वाट पडली, तीन पानांसारखी. मी बाजूला खरारा करत असायचो. एकदा मी ओरडलो, "चाचा, किती फेरे झाले? इथेच मक्का करता की काय?"

चाचा थांबला. बानूही थांबली. तो रागावला नाही. म्हणाला, "तिकडचे फेरे वेगळे बबन्या. त्याची मस्करी करू नकोस. ते यंदा करायचे हायत."

तेव्हा मला कळलं. अकरा वर्षं हा माणूस सौदीत होता आणि त्याने हज केली नव्हती. मक्का देशाच्या दुसऱ्या टोकाला, आणि फोरमनच्या कागदाशिवाय आम्हाला इलाखा सोडता येत नसे. दरवर्षी काहीतरी निघायचं. एका वर्षी घोड्यांत साथ आली, एका वर्षी माणसं कमी पडली. त्याच्या पेटीत दोन पांढरी चादरींसारखी वस्त्रं होती, न शिवलेली, हजला नेसतात ती. दम्मामच्या बाजारातून पहिल्याच वर्षी घेतलेली. वर्षातून एकदा तो ती धुवायचा, उन्हात वाळवायचा आणि घडी करून परत पेटीत ठेवायचा. अकरा वेळा धुतलेलं ते कापड, एकदाही नेसलेलं नाही.

यंदा अबू सालेमने शब्द दिला होता. बानूचा पहिला शो होऊ दे, मॅडम खूश होऊ दे, मग कागद देतो. शो झाल्यावर तीन आठवड्यांनी हज होती. सगळं बरोबर बसत होतं.

शोला महिना राहिला आणि चाचाच्या छातीत कफ झाला. दहा दिवस तो आमच्या खोलीत पडून होता. बानू माझ्याकडे आली. चाचाने मला खाटेजवळ बसवून तीनदा सांगितलं, "फक्त चालव. पळवू नकोस. आणि गूळ दारात. मध्ये नाय." मी म्हटलं, "मला काय कळत नाही का चाचा?" तो खोकत म्हणाला, "कळतं. म्हणून तर भीती वाटते."

बानू मला मानत नव्हती. मी गेलो की कान मागे पाडायची, मान वळवून चाचाच्या खोलीकडे बघायची. मी जन्मल्यापासून घोड्यांत. माझा बाप घोडेवाला, आजा घोडेवाला. आणि एक तीन वर्षांची घोडी मला झिडकारून टाकते. मला ते सहन होईना.

माथेरानात आमची एक पद्धत आहे. पाहुण्याला घोड्यावर बसवून पॉइंट दाखवायला नेतात. प्रत्येक पॉइंटला घोडा आपोआप थांबला पाहिजे, म्हणजे पाहुणा न घाबरता उतरतो. ते घोड्याला शिकवायचं कसं? शिंगरू असल्यापासून ठरलेल्या दगडावर काहीतरी खायला ठेवायचं. चार दिवसांत घोडा त्या दगडाकडे ओढ घेतो, आणि दगड आला की पाय रोवून उभा राहतो. मग खायला ठेवलं नाही तरी राहतो. आमच्या बापाचा एक घोडा म्हातारपणी आंधळा झाला तरी त्या दगडाला थांबायचा.

मी तेच केलं. दुसऱ्या पिंपाच्या वर गुळाचा खडा ठेवला आणि बानूवर बसून तिला पळवली. पहिल्या दिवशी दाखवावा लागला. तिसऱ्या दिवशी ती पहिलं पिंप वळली की दुसऱ्याकडे अशी झेपावायची की माझी टोपी उडाली. आणि वळायची किती जवळून! पिंपाला माझी रिकीब घासायची. मला वाटलं, बघा, सहा महिन्यांचं काम मी तीन दिवसांत केलं. ती थांबून गूळ खायची, मी टाच मारायचो, ती पुढे निघायची. ते थांबणं मला दिसत होतं. पण मी मनाला म्हणालो, पुढे मोडून काढू.

पाचव्या दिवशी लिंडा मॅडम सकाळीच आली. मी तिला येताना बघितलं, आणि त्या एका फेरीला मुद्दाम पिंपावर गूळ ठेवला नाही. गुळाचा वास पत्र्यावर होताच. बानू झेपावली, वळली, जरा अडखळली, मी काठीचा फटका दिला तशी निघाली. मॅडमने टाळ्या वाजवल्या. "बबन! ब्यूटिफुल!" तिने माझं नाव बरोबर घेतलेलं ते पहिल्यांदा. आणि बानू आता मला बघून कान पुढे करत होती, माझ्या पँटचा खिसा हुंगत होती. मी फार खूश होतो. हे लिहायला लाज वाटते, पण मी फार खूश होतो.

चाचा उठला, बाहेर आला. मॅडमने त्याला हातवारे करून सांगितलं, बबन, फास्ट, व्हेरी फास्ट. चाचाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मॅडमनेच सांगितलं पळव म्हणून." हे पहिलं खोटं. त्याने दोरी घेतली आणि तिला चालवायला लागला. दुसऱ्या पिंपाशी बानू थांबली आणि पिंपाच्या पत्र्यावर जीभ फिरवायला लागली. चाचा वाकून बघत होता. मग त्याने मला हाक मारली.

"बबन्या, ह्या पिंपावर मुंग्या कशा?"

खरंच होत्या. बारीक लाल मुंग्यांची रांग, वाळूतून पिंपावर. पहिल्या पिंपावर नाहीत, तिसऱ्यावर नाहीत. मी म्हटलं, "तोबरा ठेवला होता मी त्याच्यावर. चंदी सांडली असेल."

"हिला इथं गूळ दिलास काय?"

"नाही चाचा."

तो खाली वाळूत बसला, आजारातून उठलेला माणूस. म्हणाला, "हे बघ. खरं सांग. दिला असशील तर मी रागावणार नाय. पण मग हिला विसरायला महिना-दीड महिना पाहिजे. नाय तर मॅडम पडंल. दिला असशील तर मी अबू सालेमला सांगतो, शो पुढच्या महिन्यात करू."

"पुढचा शो हजनंतर आहे चाचा."

"मला माहीत हाय ना ते."

एवढं शांतपणे म्हणाला. त्याने अकरा वर्षांची गोष्ट माझ्यासमोर वाळूत ठेवली होती, आणि मला फक्त हो म्हणायचं होतं. मला त्या क्षणी त्याच्या हजचा विचार आला नाही. मला आठवलं ते पहिल्या दिवशीचं हसणं. मी म्हटलं,

"तुमची शपथ चाचा. नाही दिला."

तो उठला, सदरा झटकला. "तू म्हणतोस तर नाय दिला." त्याने ते पिंप स्वतःच्या हाताने साबणाने धुतलं. त्यानंतर शोपर्यंत तिला कोणालाच पळवू दिलं नाही. चाल आणि दुडकी, एवढंच. मॅडमलाही मराठीत समजावलं, "पहिला शो हाय मॅडम. दुडकीनं न्या. घड्याळ विसरा. तिला नुसता मेळा बघू द्या." मॅडम हो म्हणाली. पिंप धुतल्यावर वास गेला, तशी चाल आणि दुडकीत बानू थांबत नव्हती, कारण मी गूळ दिला होता तो पळताना. हे चाचाला कसं कळावं?

शोच्या दिवशी मैदानावर रंगीत झेंडे होते, बर्फाच्या पेट्यांत थंड बाटल्या, भोंग्यावर गाणी. बानूने सगळं बघून कान टवकारले पण बिथरली नाही. सहा महिन्यांचं चाचाचं काम होतं ते, माझं नव्हे. वाजणाऱ्या भोंग्याशेजारून ती शांत गेली. चाचाने मॅडमला रिकीब धरून बसवलं, बानूच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटला, आणि म्हणाला, "दुडकीनं."

मॅडम दुडकीनेच निघाली. पण आधीच्या बाईचा वेळ भोंग्यावर सांगितला, लोक ओरडले, "गो लिंडा!" आणि तिला माझी ती फेरी आठवली असणार. तिने टाच मारली. बानू उसळली. पहिलं पिंप असं वळली की लोक उभे राहिले. दुसऱ्याकडे ती बाणासारखी सुटली आणि पिंपाशी आल्यावर चारी पाय रोवून उभी राहिली. एकदम. माथेरानच्या घोड्यासारखी.

मॅडम मानेवरून पुढे गेली आणि खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी दोरापलीकडून ऐकला. आणि बानूने मान खाली करून पिंपाच्या पत्र्यावर जीभ फिरवली. डावीकडे, उजवीकडे. शोधत होती.

मॅडमला गाडीतून नेलं. तिच्या नवऱ्याचा चेहरा लाल. त्याला घोड्यांतलं कळत होतं, त्याने ते चाटणं बघितलं होतं. तो अबू सालेमवर ओरडला, अबू सालेम आमच्यावर. तबेल्यासमोर आम्हा नऊ जणांना उभं केलं.

"पिंप पे कौन खिलाया? कौन?"

मी बानूचा पुढचा पाय उचलून तपासत होतो. तिच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं. मी त्या खुराकडे बघत राहिलो. मला चाचाच्या चपला दिसत होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. बराच वेळ तशाच राहिल्या. मग वळल्या.

"मैंने खिलाया," चाचा म्हणाला. "घोडी मेरे पास थी."

अबू सालेमलाही ते खरं वाटलं नसावं. तो दोनदा म्हणाला, "तुम? इसाक, तुम?" पण वर उत्तर द्यायचं होतं. "खलास," तो म्हणाला. "एक्झिट." म्हणजे कायमचं घरी. चार दिवसांत.

संध्याकाळी मी त्याच्या खाटेपाशी गेलो. तो पेटी भरत होता. मी म्हटलं, "चाचा, मी..." मला वाटलं तो नेहमीचं म्हणेल, घाम सुकू दे. नाही म्हणाला. पेटीतून डोकं वर न काढता बोलला,

"तुझ्यासाठी नाय बोललो मी. तसं समजू नकोस. खरं निघालं असतं तर तुला काढला असता, आणि मला पण. घोडी माझ्या नावावर होती. दोघं गेलो तर तिच्याकडे कोण बघणार? उद्या तिला विकतील, पुढचा माणूस मारील. तिची खोड तुला माहीत हाय, कारण तूच लावलीस. आता तूच काढ. चालव. चार महिने नुसती चालव."

"आणि तुमची हज?"

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. दोन पांढरी वस्त्रं त्याच्या हातात होती. "हे तू विचारू नकोस," तो म्हणाला. "बाकी काय पण विचार."

मी चार महिने चालवली. त्याच्याच वाटेने, त्या तीन पानांच्या. खोड गेली. दोन वर्षांनी बानू पिंपांचा खेळ जिंकली, लिंडा मॅडमच वर बसलेली. तिने पहिल्या नंबरची निळी फीत माझ्या छातीला लावली. तिथून माझं नाव झालं, दुसऱ्या फार्मवरून बोलावणी आली, परवाची शाल त्याच फितीची. बऱ्याच वर्षांनी मुंबईत त्याच्या गावचा एक माणूस भेटला. मी विचारलं. म्हणाला, इसाकभाई गेले. मी विचारलं, हज झाली होती का? तो म्हणाला, "नाय. पण ती पांढरी कापडं होती ना, त्यातच गुंडाळून दफन केलं. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं." मी त्या माणसालाही काही सांगितलं नाही.

एक राहिलं. ते सांगितल्याशिवाय वही बंद करता येत नाही.

तो निघाला त्या सकाळी पिकअप तबेल्याशी उभी होती. अबू सालेम स्वतः सोडायला आला होता, हातात चाचाचा पासपोर्ट. चाचाने पेटी मागे टाकली आणि म्हणाला, एक मिनिट. कुंपणापाशी आला. बानू आली. मी तिथेच उभा होतो, दोन हातांवर. त्या चार दिवसांत मी तिला चोरून गूळ देत होतो. का ते मला सांगता येत नाही. कोणाची तरी माफी मागायची होती आणि तिला बोलता येत नव्हतं म्हणून बहुतेक.

चाचाने तिच्या कपाळावरच्या चांदणीवर हात ठेवला. तिने त्याचा डावा खिसा हुंगला. त्याने तो खोल खिसा उलटा करून तिला दाखवला. गादीचं कापड, रिकामं. "खलास गं बाय," तो म्हणाला.

तिने मान काढून घेतली. कुंपणाच्या कडेने दोन पावलं आली आणि माझ्या पँटच्या खिशाला तोंड लावून ढकलायला लागली. जोरात. खिशात खडा होता.

अबू सालेम बघत होता. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्या खिशाकडे बघितलं, आणि त्याच्या भुवया वर जायला लागल्या. कागद त्याच्या हातात होता, विमान संध्याकाळचं होतं, हजला सतरा दिवस होते. मी तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्द.

चाचाने हात लांब करून बानूची आयाळ धरली आणि तिचं तोंड माझ्या खिशापासून ओढून आपल्याकडे वळवलं. "भूक लगी है इसको," तो अबू सालेमला म्हणाला. "यल्ला, चलो." आणि उलटा लोंबणारा खिसा तसाच ठेवून गाडीत चढला.

गाडी फाटकातून वळेपर्यंत तो पांढरा खिसा मला दिसत होता. मी माझ्या खिशावर हात दाबून धरला होता.